सर्वात मोठा मांसाहारी डायनासोर केवढा होता? वजन लिहिलेलं असतं मांडीच्या हाडात

चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याच्या शेतांत मुठीएवढे, गोल-लांबट गोटे सापडतात. वरवर पाहिलं तर साधे दगड, पण ती डायनासोरच्या काळातली दगड झालेली विष्ठा आहे. २००५ साली या गोट्यांच्या आत गवताचे अतिसूक्ष्म, काचेसारखे कण ओळखले गेले. त्याआधी गवत हे डायनासोर संपल्यानंतरचं पीक मानलं जायचं. ते त्यांच्या काळातही होतं आणि पोटातही जात होतं, याचा पुरावा जगाला पिसदुऱ्याच्या मातीने दिला. त्याच भागातल्या डोंगरगावच्या टेकडीतून कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी १९८०च्या दशकात लांब मानेच्या एका शाकाहारी डायनासोरची हाडं काढली. त्याला आज इसिसॉरस म्हणतात. नावातली पहिली अक्षरं त्या संस्थेचीच आहेत.

एवढं जनावर चरत होतं म्हटल्यावर पुढचा प्रश्न कोणालाही पडतो. त्याला खाणारा केवढा असेल?

आपल्याकडच्या त्या काळातल्या मांसाहाऱ्यांपैकी सर्वात नीट अभ्यासलेला म्हणजे राजासॉरस. त्याची हाडं गुजरातमधल्या रहिओली गावाजवळ मिळाली आणि २००३ साली त्याला नाव मिळालं. सुरुवातीला त्याची लांबी नऊ मीटरपर्यंत सांगितली जायची, नंतरच्या मोजणीत ती साडेसहा मीटरच्या आसपास आली. जनावर तेच, हाडंही तीच, आणि अडीच मीटर कमी झाले. त्यात कोणी लबाडी केली नाही. अर्धवट सांगाड्यावरून अख्खं जनावर उभं करताना असं होतं. ते का होतं हे कळलं की 'जगातला सर्वात मोठा मांसाहारी' अशा बातम्या वाचताना कुठे थांबून विचारायचं तेही कळतं.

जगात वजनाच्या शर्यतीत पुढे असलेला प्राणी म्हणजे टायरॅनोसॉरस रेक्स, थोडक्यात टी. रेक्स. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात १९९० साली त्याचा एक सांगाडा मिळाला, त्याला 'सू' म्हणतात. तो आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे आणि जवळजवळ नव्वद टक्के पूर्ण आहे. लांबी १२.३ मीटर, म्हणजे एसटीच्या लाल बसपेक्षा थोडी जास्तच. कमरेपाशी उंची सुमारे ४ मीटर. कॅनडात १९९१ साली मिळालेला 'स्कॉटी' लांबीला साधारण तेवढाच, पण अंगाने थोडा भारी. २०१९च्या अभ्यासात स्कॉटीचं वजन ८,८७० किलो निघालं, आणि त्याच पद्धतीने सूचं ८,४६२. आपल्या भाषेत एक ८९ क्विंटल, दुसरा ८५. शेतातला साधा ट्रॅक्टर २० क्विंटलच्या आसपास भरतो, म्हणजे चार ट्रॅक्टरांपेक्षा जास्त वजन दोन पायांवर.

हे आकडे कुठल्या काट्यावर आले नाहीत. कापसाची गाडी आधी भरलेली तोलतात, मग रिकामी, आणि वजाबाकी करतात. इथे भरलेली गाडी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच गेली, आपल्याकडे फक्त साटा, म्हणजे गाडीचा लाकडी सांगाडा, उरला आहे. साट्याच्या लाकडाची जाडी पाहून त्यावर किती माल लादत असतील याचा अंदाज बांधायचा, तसं हे काम आहे.

टेप कुठे लावायचा

दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्याचं सगळं वजन मांडीच्या हाडांवर येतं. जितकं वजन जास्त, तितकं हाड जाड लागतं. म्हणून हाडाची लांबी न धरता त्याचा घेर मोजतात, आणि तोही कुठेही नाही. हाडाच्या दोन्ही टोकांना स्नायू बांधण्यासाठी उंचवटे असतात, तिथे घेर फुगलेला असतो. टेप लावायचा तो मधल्या नळीवर, जिथे हाड सर्वात बारीक आहे तिथे.

घेर मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याला २.७५४ चा घात द्यायचा आणि येईल त्याला ०.२०७५ ने गुणायचं. उत्तर ग्रॅममध्ये येतं. मोबाईलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की घाताचं बटण दिसतं, तेवढ्यावर भागतं. सूच्या मांडीचा घेर ५८० मिलिमीटर. ५८० चा २.७५४ घात सुमारे ४ कोटी ७.८ लाख. गुणिले ०.२०७५, आले साधारण ८४ लाख ६० हजार ग्रॅम, म्हणजेच ८,४६० किलो. स्कॉटीचा घेर ५९० मिलिमीटर, तोच हिशोब केला की ८,८७० येतात.

आता या दोन घेरांमधला फरक पाहा. फक्त एक सेंटिमीटर! टेपवरच्या त्या एका सेंटिमीटरने चार क्विंटलचा फरक पडतो. हाड लाखो वर्षं मातीच्या ओझ्याखाली थोडं चपटलं असेल, भेगा रुंदावल्या असतील, किंवा जुन्या दुरुस्तीत भरलेलं प्लास्टर टेपखाली आलं असेल, तर तो सेंटिमीटर सहज इकडचा तिकडे होतो. शिवाय सूत्र स्वतःच साधारण २५ टक्के वर-खाली धरूनच वापरायचं असतं. म्हणजे सू ६३ क्विंटलही असू शकतो आणि १०५ क्विंटलही. स्कॉटी सूपेक्षा भारी होता असं ठासून सांगणाऱ्या मथळ्यात ही गोष्ट सहसा नसते.

हे घरी करून पाहता येतं. पक्षी हे मांसाहारी डायनासोरांच्याच घराण्यातले, आणि कोंबडा दोन पायांवर चालतो. गावरान कोंबडा कापण्याआधी तोलून ठेवा. जेवण झालं की मांडीचं हाड बाजूला काढा. लक्षात घ्या, तंगडी म्हणून आपण जो तुकडा धरून खातो ते गुडघ्याखालचं हाड, ते चालणार नाही. त्याच्या वरचं, अंगाला जोडलेलं आखूड हाड हवं. ते उकळून स्वच्छ करा, मधल्या बारीक भागावर शिवणकामाचा दोरा एकदाच गुंडाळा, जिथे दोरा दोऱ्याला भेटतो तिथे पेनाने खूण करा आणि उलगडून पट्टीवर धरा. २७ मिलिमीटर आले तर सूत्र म्हणतं १,८०० ग्रॅम. २८ आले तर २,००० ग्रॅम. दोरा सैल राहिला किंवा दोन वेढे पडले की उत्तर पार चुकतं. ब्रॉयलरवर मात्र हे करू नका. त्याचं वजन काही आठवड्यांत खाद्यावर फुगवलेलं असतं, हाड त्या मानाने कोवळंच राहतं. बैल-गाईवरही नको. चार पायांच्या जनावराचं वजन चार ठिकाणी वाटलं जातं, त्यासाठी पुढच्या पायाच्या वरच्या हाडाचा घेरही मिळवावा लागतो आणि सूत्रही वेगळं आहे.

एकाच सूच्या एकाच सांगाड्यावर वेगवेगळ्या काळात काय काय आकडे निघाले, तेही पाहण्यासारखं आहे. १९८५ साली मांडलेल्या सूत्राने ५६ क्विंटल येतात, नव्या सूत्राने ८५. २०११ साली सांगाड्याचं लेझर स्कॅनिंग करून त्यावर संगणकात मांस-कातडं चढवून पाहिलं, तेव्हा कमीत कमी ९५ क्विंटल आले. या शेवटच्या पद्धतीत आकारमान काढून त्याला घनतेने गुणतात. पूर्वी हेच मातीचा किंवा प्लास्टिकचा छोटा पुतळा पाण्यात बुडवून करायचे. पुतळा विसावा हिस्सा असेल तर सांडलेलं पाणी वीस गुणिले वीस गुणिले वीस, म्हणजे ८,००० ने गुणायचं. घंगाळातून पेलाभर पाणी चुकून जास्त सांडलं तर डायनासोर दोन टनांनी जाड होतो, म्हणून पुतळा आधी भिजवून, पाणी काठोकाठ भरून, हळू सोडावा लागायचा. घनतेचाही घोळ असतोच. या प्राण्यांच्या मानेच्या आणि पाठीच्या मणक्यांत पक्ष्यांसारख्या हवेच्या पोकळ्या होत्या. त्यामुळे त्यांचं शरीर पाण्यापेक्षा थोडं हलकं धरतात, पण किती हलकं यावर मतभेद आहेत. आणि पोट! सूच्या पोटाखालच्या बारीक फासळ्या कित्येक वर्षं सांगाड्याला लावलेल्याच नव्हत्या. २०१८ च्या सुमारास त्या बसवल्या आणि सडपातळ दिसणारा सू एकदम भरलेल्या पोटाचा, जाडजूड दिसायला लागला.

लांबी हे त्याहून फसवं माप आहे. शेपटीचं टोक बारीक, लवकर वाहून जाणारं, म्हणून बहुतेक सांगाड्यांत नसतंच. मणक्यांमधल्या चकत्या किती जाड धरायच्या यावर अर्धा-एक मीटर सहज वाढतो किंवा घटतो. म्हणून तुलना करायची तर वजनाची करावी, आणि दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, हे आधी बघावं.

सापडलेला मोठा आणि जगलेला मोठा

इथे खरी गंमत आहे, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. सू आणि स्कॉटी हे सापडलेल्यांतले मोठे. जगलेल्यांतले मोठे ते असतीलच, असं नाही.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली शंभर बैल उभे आहेत असं धरा. तुमचे डोळे बांधले आणि कुठल्याही तीन बैलांवर हात ठेवायला सांगितलं. गावातला सर्वात मोठा बैल त्या तिघांत असण्याची शक्यता शंभरात तीन. बाकी सत्त्याण्णव वेळा तो दुसरीकडे उभा असेल, आणि तुम्ही ज्याला 'गावातला मोठा' म्हणाल तो त्याच्यापेक्षा लहान असेल.

टी. रेक्सच्या बाबतीत तोरण फारच मोठं आहे. २०२१ साली केलेल्या गणितानुसार टी. रेक्स ही जात पृथ्वीवर होती त्या सुमारे २४ लाख वर्षांत एकूण अडीचशे कोटी टी. रेक्स जगून गेले, एका वेळी साधारण वीस हजार. त्यांतला आठ कोटींमागे एक सांगाडा आपल्या हाती आला. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. सगळ्या महाराष्ट्रातून एक-दोन माणसं चाचपून राज्यातला सर्वात उंच माणूस किती उंच, ते सांगायचं, असा हा प्रकार आहे.

कॅनडाचे जॉर्डन मॅलन आणि लंडनचे डेव्हिड होन यांनी २०२४ साली हेच गणित नीट मांडलं. वय वाढतं तसा आकार कसा वाढतो आणि एकाच वयाच्या दोन जनावरांत फरक किती असतो, हे धरून त्यांनी संगणकात टी. रेक्सचा मोठा कळप उभा केला. आजच्या सुसरींच्या जातीतल्या प्राण्यांत जो फरक दिसतो, त्याचा आधार घेतला. निष्कर्ष असा, की आपल्याकडचे सर्वात मोठे सांगाडे बहुधा वरच्या एक टक्क्यातले आहेत, म्हणजे वाईट नमुने नाहीत. पण दहा हजारांत एक असा टी. रेक्स हाती लागायचा तर आजच्या वेगाने अजून हजार वर्षं खणावं लागेल. आणि आजवर जगलेला सर्वात मोठा टी. रेक्स आपल्या मोठ्यात मोठ्या सांगाड्यापेक्षा ७० टक्के भारी असू शकतो. सुमारे १५ टन, म्हणजे १५० क्विंटल. लांबी १५ मीटरच्या आसपास.

वजन ७० टक्के वाढलं आणि लांबी वीस-बावीस टक्केच, हे अनेकांना खटकतं. पण प्राणी फक्त लांब होत नाही, रुंद आणि उंचही होतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही १.२ पट केल्या तर १.२ गुणिले १.२ गुणिले १.२, म्हणजे १.७३ पट वजन होतं.

एवढा फरक कुठल्या जातीत असतो का? असतो. आफ्रिकेतला भरलेला नर हत्ती ६ टनांचा असतो, पण नोंद झालेला सर्वात मोठा १० टनांच्या घरात होता. खाऱ्या पाण्यातली नर सुसर चार-पाच मीटरची असते, पण २०११ साली फिलिपिन्समध्ये पकडलेली सुसर ६.१७ मीटर आणि १,०७५ किलो भरली. हत्ती-सुसरी आपण लाखांनी पाहतो म्हणून असे अपवाद आपल्याला माहीत आहेत.

हे गणितही गृहीतकांवर उभं आहे. नर-मादींच्या आकारात मोठा फरक होता का, हे टी. रेक्सच्या हाडांवरून ठरलेलं नाही, आणि तो फरक असेल तर वरची मर्यादा बदलते. तरीही आमच्या मते दिशा बरोबर आहे. हाती आलेला सर्वात मोठा सांगाडा हाच त्या जातीचा कळस, असं धरणं कुठल्याच जातीबाबत टिकत नाही.

मग २० टन, ३० टन का नाही

बंडीचं उदाहरण घ्या. बंडीची लांबी, रुंदी, उंची, चाकं, आस, सगळं दुप्पट केलं. माल आठपट मावेल. पण आसाचं लाकूड कापून पाहिलं तर त्याचं तोंड चारपटच झालेलं असतं, आणि भार पेलतो तो त्या तोंडाच्या क्षेत्रफळावर. म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर दुप्पट ओझं. हाडांचंही तसंच. त्यावर उपाय म्हणजे आकाराच्या मानाने हाड जास्तच जाड करणं, पण मग हाडाचंच वजन वाढतं.

मांसाहारी डायनासोर सगळे दोन पायांवर चालणारे. चालताना एक पाय उचलला की अख्खा भार दुसऱ्या पायावर. हत्ती चालताना दोन-तीन पाय जमिनीवर ठेवतो. म्हणून लांब मानेचे शाकाहारी चार पायांवर ६०-७० टनांपर्यंत गेले असतील, पण मांसाहाऱ्यांना ती वाट बंद होती. शिकारीला पळावंही लागतं. २००२ सालच्या एका हिशोबात असं निघालं, की प्रौढ टी. रेक्सला खरोखर वेगाने पळायचं तर प्रत्येक पायात शरीराच्या ४३ टक्के वजनाचे स्नायू लागले असते. दोन्ही पाय मिळून ८६ टक्के. मग पोट, डोकं, शेपटी यांना उरलं काय? तो झपाझप चालत असेल, पण फार वेगाने धावत नसावा. आणखी मोठा झाला असता तर तेही अवघड.

वाढीला वेळेचीही मर्यादा होती. हाड आडवं कापून, कागदासारखी पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की सागाच्या बुंध्यासारखी वर्तुळं दिसतात, वर्षाला एक. त्यावरून सू मेला तेव्हा सुमारे २८ वर्षांचा होता. २००४ च्या अभ्यासानुसार टी. रेक्स चौदा ते अठरा या वयात वर्षाला ७६७ किलो वाढायचा, दिवसाला दोन किलोंवर. पुढे वाढ मंदावते आणि बाहेरच्या कडेला वर्तुळं एकमेकांना चिकटल्यासारखी दाट येतात. ती दिसली की समजायचं, जनावर पूर्ण वाढलेलं आहे. मोठं हाड पाहून 'अजून वाढला असता' म्हणण्याआधी ही कडा तपासावी लागते. आतली वर्तुळं मात्र हाडातल्या मगजाची पोकळी रुंदावते तशी पुसली जातात, ती अंदाजाने भरतात, आणि वयात चूक होते ती तिथेच.

बाकीचे दावेदार

इजिप्तचा स्पायनोसॉरस लांबीत टी. रेक्सच्या पुढे आहे. त्याचा पहिला सांगाडा म्युनिकच्या संग्रहालयात होता, तो एप्रिल १९४४ मधल्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला. पुढे एका नाकाडाच्या तुकड्यावरून २००५ साली १६ ते १८ मीटर लांबी सांगितली गेली. नंतर जास्त हाडं मिळाली, पाय आखूड निघाले, आणि २०२२ च्या मांडणीत तो १४ मीटर आणि ७.४ टनांवर आला. अर्जेंटिनाचा गिगॅनोटोसॉरस १२-१३ मीटरचा. त्याच्या दुसऱ्या एका जनावराचा फक्त खालच्या जबड्याचा तुकडा मिळाला, तो पहिल्यापेक्षा ८ टक्के मोठा म्हणून अख्खं जनावर ८ टक्के मोठं धरलं गेलं. ८ टक्के लांबी म्हणजे २६ टक्के वजन, एका जबड्यावर! दोन सख्ख्या भावांचे जबडेही सारखे नसतात. जबड्यावरून शरीर काढायचं ते शेवटचा पर्याय म्हणून.

आपल्या शेतात हाड लागलं तर

आपल्याकडचं नुकसान वेगळ्याच तऱ्हेने झालं आहे. जबलपूरच्या बडा शिमला टेकडीतून निघालेली मांसाहाऱ्यांची हाडं १९३३ साली प्रसिद्ध झाली, इंडोसॉरस आणि इंडोसुकस ही नावं तिथलीच. पण तिथे अनेक जनावरांची हाडं एकत्र पडलेली होती. कुठली मांडी कुठल्या कवटीची हे आजही लागत नाही, म्हणून त्यांचा आकार पक्का सांगता येत नाही.

पिसदुऱ्यासारख्या भागात लाव्ह्याच्या काळ्या खडकाखालून हे जुने मातीचे थर डोकावतात, तेव्हा विहीर, शेततळं किंवा धुरा खोदताना हाड लागणं शक्य आहे. ओळख अशी: तुटलेल्या कडेला स्पंजासारखी बारीक जाळी दिसते. चुनखडीच्या गोट्यात ती नसते. असं काही दिसलं तर उपटू नका, धुऊ नका, फेव्हिकॉल लावून जोडू नका. पाणी लागलं की भेगांतली माती सुटते आणि तुकडे विखुरतात. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून वरून आणि बाजूने फोटो काढा, मोबाईलवर जागेची खूण टाका, गट नंबर आणि किती फूट खोलीवर लागलं ते लिहा, वर ओलं पोतं न टाकता कोरडी माती लोटा. मग नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा. दोन हाडं एकमेकांपासून किती अंतरावर, कुठल्या दिशेला तोंड करून पडली होती, यावरच ती एका जनावराची की दोघांची हे ठरतं.

आणि एक. लोक घरी नेतात तो गोल, गुळगुळीत सांध्याचा गड्डा, कारण तो हाडासारखा दिसतो. मधली तुटकी नळी दगड समजून धुऱ्यावर टाकतात. वजनाचा टेप लागतो तो त्या नळीवर. टोकं नसली तरी हिशोब होतो, नळी गेली की होत नाही. १५ टनांचा मांसाहारी कधी कुठे सापडलाच, तर वरच्या सूत्राने त्या नळीचा घेर ७१ सेंटिमीटर भरेल. आजवरचा सर्वात जाड टी. रेक्स ५९ वर थांबला आहे.